सरळ जुळलेलं हाड

"…सरळ हाय का वाकडं, एवढंच सांगा म्हाराज."

केरबानं एक्स-रेची काळी फिल्म दोन्ही हातांनी उन्हाकडे धरली होती. ती मिळवायला तो सकाळी सायकल हाणत बुरूड आळीत गेला होता आणि साळूच्या नवऱ्याशी गोड बोलून ती घेऊन आला होता. अजून त्याची धाप ओसरली नव्हती.

सुभानगीर महाराजांनी डोळे बारीक केले. फिल्मवर एका बाईचा हात होता, कोपरापासून बोटांपर्यंत. मनगटाच्या वर चार बोटांवर हाड मोडलं होतं. तिथं आता बारीकशी गाठ होती, बाकी सगळं दोरी ताणून आखल्यासारखं.

"सरळ हाय," महाराज म्हणाले.

"मग माझं चुकलं कुटं?"

महाराजांनी फिल्मवरून नजर काढली.

कातरखडीच्या माळावरचा हा मठ देवापेक्षा हाडांसाठी जास्त प्रसिद्ध. झाडावरून पडलेला, बैलानं उडवलेला, आखाड्यात खांदा निखळलेला, जो तो आधी इथंच यायचा. महाराजांच्या हाताला गुण होता. पण सत्तरी उलटली, बोटं थरथरायला लागली, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की येत्या पुनवेला गादीवर केरबा बसेल.

पुनव उद्यावर आली होती.

आणि नेमकी तीन महिन्यांपूर्वी साळू मठात आली होती. साळू बुरूड समाजातली, बांबू चिरून सुपं, पाट्या विणणारी. मोडलेलं हाड बांधायला मठाला लागणाऱ्या बांबूच्या कांब्याही तीच तासून द्यायची, तुळतुळीत, एका मापाच्या. ती घसरून पडली, हात मोडला. केरबानं तिचा हात तिच्याच कांब्यांत बांधला. हाड झकास जुळलं, पण हात गेला. बोटं आत वळली ती वळलीच. पिवळट पडली, वाळली. त्या हातानं आता तिला स्वतःची वेणीही घालता येत नव्हती.

पंचक्रोशीत बभ्रा झाला. असल्या माणसाला गादीवर बसवणार का, असं लोक उघड विचारू लागले. तालुक्याच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि हाड उत्तम जुळल्याचं सांगितलं, हे कळल्यावर केरबाच्या जिवात जीव आला. पुरावाच मिळाला की! डॉक्टर त्यापुढे आणखी काय म्हणाला, ते त्यानं विचारलं नाही.

तसा केरबा वाईट माणूस नव्हे. बारा वर्षं मठात झाडलोट केली, पाला वाटला, लेप केले, रात्री-अपरात्री उठून लोकांची हाडं बसवली, कुणाकडून सुपारीही घेतली नाही. वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाला निदान आपलं चुकल्याची शंका तरी येते.

"म्हाराज, म्या हाडाचा वैद्य. हाड बसवाय दिलं, म्या बसवलं. हाताचं काय झालं ते मी कसं सांगू?"

महाराजांनी आपला डावा हात पुढं केला. कोपरापर्यंत बाही वर सारली.

"बांध."

"काय?"

"तिला बांधलंस तसं मला बांध. तसंच. एक गाठबी कमी न्हाई, एक जास्ती न्हाई."

केरबाच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. अखेर परीक्षा घ्यायचं म्हणतायत तर! त्यानं कोनाड्यातून कांब्या काढल्या, कापूस घेतला, पट्टी घेतली. म्हाताऱ्या हातावर लेपाचा हात फिरवला. चार कांब्या चहूबाजूंनी बसवल्या आणि सुताच्या दोरीनं खालून वर आवळत नेलं. दर गाठीला तो ओठ दाताखाली धरायचा. गाठ अशी पक्की, की खिळ्यानं उचकटावी.

"हलवून बगा."

महाराजांनी हलवून पाहिलं. हात लाकडासारखा झाला होता. त्यांनी तो मांडीवर ठेवला, सरळ केरबाच्या समोर.

"आता बोलू," ते म्हणाले. "पिशवी आण."

पिशवी म्हणजे जुन्या कांबळ्याची, तिच्यात माणसाची सुटी हाडं. कुणाची, किती जुनी, कुणालाच ठाऊक नव्हतं. मठातला प्रत्येक शिष्य याच हाडांवर शिकायचा. डोळ्यांवर पट्टी बांधायची, पिशवीत हात घालायचा आणि नुसत्या बोटांनी ओळखायचं. केरबाइतकं झटपट आजवर कुणी ओळखलं नव्हतं.

"हाताचं काढ."

केरबानं डोळे मिटले, हात घातला, काढलं. "उजवा हात. कोपराखालचं, अंगठ्याच्या बाजूचं. बाईचं असावं, बारीक हाय."

"मधी बोट फिरीव. काय लागतंय?"

"काय न्हाई. गुळगुळीत."

"भोक न्हाई?"

केरबानं डोळे उघडले. "हुतं की. सुई जाईल एवढं. लांबड्या हाडांना सगळ्यांनाच हुतं. कीड लागली हुती म्हाराज. म्या मागच्या साली समदी बसून मेणानं बुजवली. आता कीड पुढं जायची न्हाई."

हे त्यानं अशा सुरात सांगितलं, की आता शाबासकी मिळणार.

महाराजांनी ते हाड उजव्या हातात घेतलं, मेणावरून अंगठा फिरवला.

"कीड न्हवं ती," ते म्हणाले. "वाट हाय."

"कसली वाट?"

"रक्ताची. त्या भोकातनं रक्त हाडात जातं. तुला काय वाटलं, हाड म्हंजे तंबूचा खांब? ते जितं असतं, केरबा. खातं, पितं. त्याला रक्त मिळंना झालं, तर तेबी मरतं."

 ऐकून गप्प बसणं केरबाला जमायचं नाही.

"आसंल. पर मी तर हाड जगवलंच की. जुळलं, म्हंजे त्याला रक्त पोचलं."

"व्हय. हाडाला पोचलं."

"मग?"

"रक्त तयार कुटं हुतं?"

हा प्रश्न केरबाला सोपा वाटला. "काळजात. अन्न पोटात शिजतं आन् काळजात त्याचं रक्त हुतं."

"हाडात हुतं."

केरबा हसला. मग महाराज हसत नाहीत हे बघून थांबला.

महाराज तरुणपणी चार वर्षं एका दवाखान्यात जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे. तिथल्या डॉक्टरांकडून त्यांना हे सगळं कळलं होतं. मठात आल्यावर त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

"ल्हान पोराच्या सगळ्याच हाडांत हुतं," महाराज म्हणाले. "मोठ्या माणसाच्या छातीच्या फळीत, कमरंत, मणक्यांत, बरगड्यांत. आत लाल मगज असतो, त्यात रोज नवं रक्त तयार हुतं. हाड रक्ताला जन्म देतं, आन् रक्त हाडाला जगवतं. तू बारा वर्सं ह्या पिशवीत हात घालतोयस. आत एकबी थेंब न्हाई हे तुझ्या बोटांना कंदी कळलं न्हाई?"

"तुमीच दिली हुती पिशवी."

"म्याच दिली हुती," महाराज म्हणाले आणि थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. केरबाला वाटलं, ऊन लागत असेल. त्यानं उठून पडदा ओढला आणि पुन्हा फिल्म हातात घेतली.

ती फिल्म त्याला सोडवतच नव्हती. बोलता बोलता नजर तिच्याकडेच जायची. इतकं सुबक काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि नेमकं त्याच कामावर सगळे बोट ठेवत होते, याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"म्हाराज, लोकं काय बी बोलूंदेत. तुमची इद्या माझ्या रक्तात भिनलीया. ती कुणी काढून घिऊ शकत न्हाई."

"रक्त चार म्हैन्यांचं असतं."

"म्हंजे?"

"रक्तातला लाल कण चार म्हैनं जगतो. मग मरतो, नवा येतो. गेल्या शिमग्याला तुझ्या अंगात जे रक्त हुतं, त्यातलं आज कायबी न्हाई."

केरबा जरा गोंधळला. मग म्हणाला, "बरं, रक्तात न्हाई. पर हाडात तर हाय? हाडीमाशी खिळलीया म्हाराज!"

"हाडबी बदलतं. जुनं झिजतं, नवं बसतं. धा वर्सांत माणसाचं जवळजवळ समदं हाड नवं हुतं. तू हितं आलास त्याला किती झाली?"

"…बारा."

"मग कुटं हाय माझी इद्या?"

 केरबाला राग आला. बारा वर्षं राबून ही बोलणी! मनात आलं, म्हातारा खुसपटं काढतोय. लोकांना भ्यालाय. उद्या गादीवर दुसऱ्याच कुणाला बसवणार आणि आज त्याची तयारी करतोय.

"सरळ सांगा म्हाराज. गादी द्यायची न्हाई, आसं सांगा. मी जातो."

"हात बांधल्यावर तिसऱ्या दिशी साळू आलती न्हवं मठात?" महाराजांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"आलती."

"काय म्हणाली?"

"रडत हुती. म्हणाली, हात फुटायला लागलाय, बोटांत मुंग्या येत्यात. बोट सरळ केलं तर जीव जातोय म्हणाली."

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो, हाड जुळताना दुकायचंच. तुमीच शिकवलंय, रडणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नगंस, गाठीकडं बघ."

"आन् गाठ कशी हुती?"

केरबानं मान खाली घातली. ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती.

"तिनं सैल केलती. घरी. आपल्या हातानं. म्या लई रागावलो. म्हणालो, साळाक्का, तुमाला कांब्या तासाय येत्यात, बांदाय न्हाई. आन् परत…"

"परत?"

"परत बांदली. आदीपेक्षा घट्ट."

महाराजांनी डोळे मिटले…

तेवढ्यात पायरीवर सावली पडली. साळूच होती. डाव्या काखेत कांब्यांची मोळी, उजवा हात पदराखाली. नवऱ्यानं फोटो केरबाला दिला हे कळल्यावर ती तशीच निघून दोन कोस चालत आली होती.

"माझा फोटू दे," ती दारातूनच म्हणाली.

आणि आत पाऊल टाकलं तशी ती थांबली.

"अरं, म्हाराजांची बोटं बघ!"

केरबानं पाहिलं.

महाराजांचा डावा हात इतका वेळ त्याच्या समोर, हातभर अंतरावर, मांडीवर ठेवलेला होता. कांब्यांच्या पुढं निघालेली पाचही बोटं सुजून निळी-काळी झाली होती. नखं शाईत बुडवल्यासारखी. महाराजांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"म्हाराज!" केरबा ओरडला. तो गाठीवर झडपला. पण ती त्याचीच गाठ, पक्की. नखं तुटली, गाठ काही सुटेना.

साळूनं मोळी खाली टाकली. कमरेची बांबू सोलायची सुरी डाव्या हातानं काढली, खाली बसली आणि खालच्या कांबीच्या फटीत पातं सारून दोरी कापली. एक, दोन, तीन, चार. डावा हात सवयीचा नव्हता, तरी कातडीला ओरखडा नाही.

कांब्या सुट्या होऊन जमिनीवर पडल्या.

महाराजांनी हात उचलून छातीशी धरला. बोटांत रक्त परत शिरायला लागलं, तेव्हा त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला. कण्हणंच ते. साळू त्यांची बोटं आपल्या डाव्या तळव्यात घेऊन बसली. हळूहळू निळी बोटं तांबडी झाली.

"गरम व्हायला लागली," ती म्हणाली.

केरबा भिंतीला टेकून उभा होता. 

"म्हाराज, तुमी बोलला का न्हाई? एवढं दुकत हुतं, तर एक शब्द तरी…"

"ती बोललती," महाराज म्हणाले.

…

 बाहेर माळावर कुणीतरी शेळ्यांना हाक मारत होतं.

साळू उठली. फिल्म जमिनीवर पडली होती, ती उचलून तिनं पदराला पुसली. उन्हाकडे धरून एकदा नीट पाहिली. तिला त्यात काय दिसलं कोण जाणे.

"डॉक्टर म्हणाला, हाड चांगलं जुळलंय," ती म्हणाली. "म्हणाला, मास आन् शिरा मेल्यात. रक्त अडलं म्हणून. शहरात ऑपरेशन करत्यात, थोडी बोटं उघडतील म्हणाला. बांबू न्हाई चिरता यायचा."

"साळाक्का…" केरबानं हात जोडले.

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. टाकलेली मोळी उचलून महाराजांच्या पुढं ठेवली.

"हात बरा झाला की कांब्या मठाला परत द्याच्या, आशी रीत हाय न्हवं? ह्या घ्या. माझ्याच हातच्या हायेत. आता दुसऱ्या व्हायच्या न्हाईत, जपून वापरा."

"आक्का, घिऊन जा त्या," महाराज म्हणाले.

"घरी काय करू? चुलीत घालाय माझं मन हुईना."

ती पायऱ्या उतरली. उतरताना तिचा उजवा हात पदराबाहेर आला. आत वळलेली बोटं, मूठ अर्धी मिटलेली, काही धरायचं राहून गेल्यासारखी. कांब्या तालुक्याच्या डॉक्टरनंच सोडल्या होत्या; केरबानं तो हात तीन महिन्यांत आज पहिल्यांदा पाहिला. फोटो त्यानं सकाळपासून शंभर वेळा पाहिला होता.

तो खाली बसला आणि रडला. मोठ्यानं, पोरासारखा, नाक गळेपर्यंत. महाराजांनी त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही.

रडू सरल्यावर केरबानं पिशवीतली लांबडी हाडं एकेक काढून समोर मांडली आणि काडीनं भोकांतलं मेण काढायला लागला. मेण वर्षभरात घट्ट बसलं होतं. काडी मोडायची, तो दुसरी घ्यायचा.

"म्हाराज."

"बोल."

"मला गादी नगं."

महाराज आपली बोटं उघडत-मिटत होते.

"म्या आजपासनं कुणाच्या अंगाला हात लावणार न्हाई. उद्या लोकं जमतील तवा त्यास्नी खरं काय ते सांगा. माझ्या तोंडानं सांगा म्हणाला तर म्याच सांगतो. पायरीवर उभा ऱ्हाऊन सांगतो."

"आन् गादीवर?"

"आपला धाकटा शिष्य सोपान हाय की. माझ्यापरीस शाना हाय. गरीब हाय, हात हलका हाय. त्याला बसवा."

महाराजांनी नकारार्थी मान हलवली.

"त्यानं बांधलेला पैला हात अजून वाळायचा हाय."

केरबाच्या हातातली काडी थांबली. त्यानं वर पाहिलं. म्हातारा त्याच्याकडे बघत नव्हता. पायरीकडे बघत होता, जिथून साळू आत्ताच उतरून गेली होती. बारा वर्षांत केरबानं त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. त्याला भीती वाटली, पण विचारल्यावाचून राहवलं नाही.

"म्हाराज… तुमचा?"

महाराजांनी सुजलेली बोटं उघडली, पुन्हा मिटली.

"तीन हात वाळले," ते म्हणाले. "ती माणसं कंदी परत आली न्हाईत, म्हणून म्या म्हाराज झालो."